पासिंगपुरतं

काही शब्द कानावर पडले की माझं डोकं अजूनही सणकतं. 'पासिंगपुरतं' हा त्यातला पहिला.

धुळ्याला आग्रा रोडच्या आत एका बोळात माझं कुशनचं दुकान होतं. ट्रकच्या, जीपच्या, कधीमधी मोटारीच्या सीटा शिवायच्या, फाटलेलं रेक्झिन बदलायचं, ताडपत्र्या सांधायच्या. मालट्रक आरटीओकडे पासिंगला जायचे त्या वाटेवर एक टपरी होती. तिथे विड्या-काड्यांच्या जोडीला आग विझवायचं लाल नळकांडं, प्रथमोपचाराची पेटी आणि लाल त्रिकोण भाड्याने मिळायचा. ट्रकवाला यायचा, नळकांडं केबिनीत टांगायचा, पासिंग झालं की परत आणून द्यायचा. मग तेच नळकांडं मागच्या ट्रकात. संध्याकाळी ते टपरीच्या खिळ्यावर लटकत असायचं आणि ज्यांच्यासाठी घेतलं ते सगळे ट्रक त्याच्याशिवाय इंदूरच्या वाटेला लागलेले असायचे.

तेव्हा मीही हसायचो. ट्रकवाले माझी गिऱ्हाइकं, त्यांचं ते बघतील म्हणायचो. ते पाप माझ्याही माथ्यावर आहे, म्हणून आधीच सांगून टाकतो.

माझी धाकटी बहीण जळगावला दिलेली. दाजी मूळचे धरणगावचे, जळगावात त्यांचं पाण्याच्या मोटारी रिवाइंडिंग करायचं दुकान. माणूस वाईट नव्हता, आणि हेच तर दुखणं. वाईट असता तर मी कधीच एक ठेवून दिली असती. हिवाळ्यात यायचे ते भरताच्या वांग्यांची पिशवी घेऊन, आल्या आल्या माझ्या आईच्या पाया पडायचे, मला 'शालकबुवा' म्हणून चिडवायचे, आणि घरभर असे हसत फिरायचे की त्यांना नाही म्हणणं कोणाच्या जिवावर यायचं. त्यात जावई. जावई म्हणजे दहावा ग्रह, असं म्हणतात. बाकीच्या नऊ ग्रहांची निदान शांत तरी करता येते.

नव्वद उलटून दोन-तीन वर्षं झाली असतील. जळगावातल्या काही हौशी मोटारवाल्यांनी मिळून शर्यत घ्यायचं ठरवलं. गावाबाहेरच्या माळावर मुरमाचा गोल रस्ता आखायचा, एका वेळी तीन गाड्या सोडायच्या, सहा फेऱ्या मारायच्या. गाड्या खास शर्यतीच्या नकोत, रोजच्या रस्त्यावरच्याच चालतील. दाजींकडे आठशे सीसीची जुनी पांढरी गाडी होती. नियमांचा सायक्लोस्टाइल कागद खिशात घालून ते धुळ्याला माझ्या दुकानी हजर झाले.

त्या कागदावर माझा राग नाही. कागद चोख होता. कुठल्या तरी परदेशी मासिकातून कोणीतरी मनापासून उतरवून काढलेला. गाडीच्या आत छप्पर पेलणारा लोखंडी पिंजरा हवा, ड्रायव्हरला चार जागी बांधलेला पट्टा हवा, हेल्मेट हवं, नळकांडं हात पोहोचेल असं पक्कं बसवलेलं हवं, बॅटरी आवळलेली हवी, गाडीत एकही सुटी वस्तू नको. शेवटी लिहिलं होतं की तपासणीत नापास झालेली गाडी मैदानात उतरणार नाही.

"पट्टा तुम्ही शिवा," दाजी म्हणाले. "पिंजऱ्याचं मी जळगावात बघतो. आमच्याकडे खिडक्यांच्या जाळ्या करणारा एक आहे, हात चांगला आहे त्याचा."

पट्टा शिवायचं काम मला मनापासून आवडलं, हे कबूल करतो. आयुष्यभर माणसांच्या बुडाखालचं शिवलं होतं, पहिल्यांदा कोणाच्या जिवासाठी काहीतरी शिवत होतो. नाशिककडच्या लष्करी भंगारातून पॅराशूटच्या नायलॉनच्या पट्ट्या आणल्या, हिरवट, तीन बोटं रुंद. बक्कल एका भंगारातल्या परदेशी मोटारीचं मिळालं. ताडपत्रीच्या जाड नायलॉन दोऱ्याने प्रत्येक जोडावर चौकोन मारला, चौकोनात फुली मारली, आणि त्यावरून पुन्हा एकदा मशीन फिरवली. शेजारच्या गॅरेजात चेनकप्पी होती. पट्ट्याला ट्रकचा गिअरबॉक्स बांधून दिवसभर टांगून ठेवला. संध्याकाळी उतरवून एकेक टाका भिंगाखाली बघितला. एकही हललेला नव्हता.

पंधरवड्याने दाजी गाडी घेऊन आले. आत पिंजरा बसवलेला होता, काळ्या चकचकीत रंगाचा, कोपऱ्यांना सुबक गोलाई. लांबून बघणारा वा म्हणेल असा. कमरेचे दोन पट्टे मी जमिनीच्या पत्र्याला भोक पाडून, खालून तळहाताएवढी जाड पट्टी लावून बोल्टने आवळले. खांद्यावरून मागे जाणारे दोन पट्टे पिंजऱ्याच्या आडव्या पाइपाला बांधायचे होते. त्यासाठी पाइपात भोक हवं. मी ड्रिल टेकवलं आणि अंगाचा जोर लावायला वाकलो, तर जोर लावायच्या आतच ड्रिल भसकन आरपार गेलं.

भोकातून बघितलं. पाइपाची जाडी वहीच्या पुठ्ठ्याएवढी होती. हा खाटेचा पाइप होता. लग्नात देतात त्या लोखंडी खाटेचा, घडीच्या खुर्चीचा. मग मी पायांखालची मॅट उचलली. पिंजऱ्याचे पाय जिथे जमिनीला जोडलेले होते तिथला पत्रा गंजलेला होता, वर पुट्टी भरून रंग मारलेला. वेल्डिंग पुट्टीच्या काठाला धरून उभं होतं. अंगठ्याने दाबलं तर पत्रा आत गेला.

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. पण समोर जावई. मी फडक्याला हात पुसले, घोटभर पाणी प्यालो आणि जमेल तितक्या हळू आवाजात म्हणालो, "दाजी, हा पाइप खाटेचा आहे."

"माहीत आहे ना," ते म्हणाले. त्यांना खरंच माहीत होतं. "शालकबुवा, पासिंगपुरतं शे ते. पास व्हयनं का काढी टाकसूत."

त्यांना वाटत होतं की तो कागद तपासणाऱ्यापुरता आहे. तपासणारा एकदा वळला की झालं. गाडी उलटली तर तिथे कोणी शिक्का मारायला येत नाही, हे त्यांच्या डोक्यात शिरतच नव्हतं. आणि त्यांना एकट्याला तरी काय बोलू? आमच्याकडे सगळा मुलूखच पासिंगपुरता जगायचा. गाईडमधली अपेक्षित उत्तरं पासिंगपुरती पाठ, साहेब येणार म्हणून गटारीवर पावडर पासिंगपुरती, मुलगी बघायला पाहुणे येणार म्हणून शेजारच्यांच्या खुर्च्या पासिंगपुरत्या.

मी त्यांना दुकानात बसवलं आणि समजावलं. उलटलेल्या ट्रकांच्या सीटा माझ्याकडे शिवायला यायच्या. छप्पर कुठवर खाली आलं ते सीटच्या पाठीवर दिसतं, रेक्झिन कुठे फाटलं त्यावरून कळतं. त्यातून जे ड्रायव्हर वाचले ते सगळे एकच सांगायचे, की बाजूच्या सीटवर फेकला गेलो म्हणून वाचलो. आता माझा पट्टा माणसाला फेकू देणार नाही. तो त्याला ताठ बसवून ठेवणार. वर पिंजरा भक्कम असेल तर ताठ बसणं चांगलं. पिंजरा खाटेचा असेल तर छप्पर खाली येणार आणि माझा पट्टा माणसाला त्या छपराखाली धरून ठेवणार. "म्हणजे दाजी," मी म्हणालो, "पट्टा जितका चांगला तितका तुमच्या जिवाला धोका. बिनपट्ट्याचे तुम्ही परवडलात."

दाजींनी सगळं ऐकून घेतलं, मान हलवली आणि म्हणाले, "तुम्ही फार विचार करता."

मी सांगितलं की पंधरा दिवस द्या. बॉयलरच्या भंगारातला जाड पाइप आणतो, डेपोच्या कारखान्यातला निवृत्त वेल्डर माझ्या ओळखीचा आहे, जमिनीचा पत्रा कापून नवा टाकू. दाजी म्हणाले, शर्यत येत्या रविवारीच आहे. मग पुढच्या वर्षी उतरा, मी म्हणालो. त्यावर त्यांचा चेहरा पहिल्यांदा उतरला. त्यांनी दुकानाच्या पाटीखाली गाडीचा नंबरसुद्धा रंगवून घेतला होता, गिऱ्हाइकांना बोलावणं झालं होतं, धरणगावहून त्यांचे भाऊबंद येणार होते.

संध्याकाळी मी घरी हा विषय काढला. आमचे आबा शिंदखेड्याकडच्या खेड्यातले, धुळ्यात तीस वर्षं काढूनही बोली सोडली नव्हती. ते जेवता जेवता थांबले.

"जावईले असं बोलतस का कोनी? मनी पोरले तठे नांदानं शे."

"आबा, नांदायला जावई जिवंत लागतो."

आबांनी ताट सरकवलं आणि हात धुवायला उठले. आई माझ्याकडे बघत राहिली, जणू मीच काहीतरी अभद्र घडवून आणणार होतो. आमच्या घरात धोक्यापेक्षा धोक्याचं नाव काढणारा वाईट. तो नियम मी लहानपणापासून पाळला होता आणि त्या रात्री मला त्याची शिसारी आली.

पट्टे गाडीतच राहिले, खांद्याचे दोन दाजींनी जळगावात त्याच भोकात आवळून घेतले. मी ते काढून घ्यायला हवे होते. पण जावयाला दिलेली वस्तू परत कशी घ्यायची, या लाजेपायी गप्प बसलो. आणखी एक खरं सांगतो, मला वाटलं तपासणीत पिंजरा पकडला जाईल. कागद इतका चोख होता. मीसुद्धा तपासणाऱ्यावरच टाकून मोकळा झालो, म्हणजे मी तरी दाजींपेक्षा कुठे वेगळा होतो.

रविवारी सकाळी पहिल्या बसने जळगाव गाठलं. माळावर मंडप होता, कर्णा लावलेला, पोह्यांची गाडी, आणि दोरीच्या पलीकडे निम्मं गाव. बहीण लेकीला कडेवर घेऊन आली होती. पोरगी दोन वर्षांची, थंडीची कानटोपी घातलेली. दाजी निळी टोपी घालून सगळ्यांना भेटत फिरत होते. मला बघून त्यांनी मिठीच मारली.

तपासणीचं टेबल मंडपाच्या सावलीत होतं. तपासायला एक वयस्कर गृहस्थ, सगळे त्यांना नाना म्हणायचे. जन्मभर मोटारींत काढलेला माणूस, पण आता गुडघे गेलेले. नाना गाड्यांपाशी जात नव्हते, गाड्याच ढकलत टेबलापाशी आणल्या जात होत्या. ते खिडकीतून डोकावायचे आणि यादीवर खुणा करायचे. मी रांगेच्या कडेला उभा राहून बघत होतो. पहिल्या गाडीत लाल नळकांडं होतं, तळाशी पोचा आलेलं. खूण झाली. दुसऱ्या गाडीत नळकांडं होतं, तळाशी पोचा आलेलं. खूण झाली. पहिल्या गाडीकडे वळून बघितलं तर तिथला हूक रिकामा. त्या पोच्याला मी ओळखत होतो. ते आमच्या धुळ्याच्या टपरीवरचं नळकांडं होतं. दाजींनीच येताना आणलं होतं, आणि मोठ्या मनाने सगळ्यांना वापरायला दिलं होतं.

मी पुढच्या गाडीतून ते उचललं. पोह्यांच्या गाडीवाल्याकडे तराजू होता. त्यात ठेवलं. नळकांड्यावर भरलेल्या वजनाचा आकडा छापलेला असतो, त्याच्या निम्मी वजनं टाकली तरी ते पारडं वरच राहिलं. आत हवासुद्धा शिळी असेल. मी ते नानांच्या टेबलावर आणून आदळलं.

"नाना, हे रिकामं आहे. आणि हे एकच आहे."

नानांनी चष्म्यावरून बघितलं. "भाऊ, हौसेचा खेळ आहे," ते शांतपणे म्हणाले. "पोरांचा हिरमोड कशाला करायचा?"

पोरं. सगळी तिशी ओलांडलेली, घरी बायका-लेकरं असलेली पोरं.

"त्या पांढऱ्या गाडीचा पिंजरा तरी वाजवून बघा," मी म्हणालो. "नुसतं बोटाने वाजवा."

नानांनी पेन उचललं. त्यांनी यादीवर दाजींच्या गाडीपुढे खूण केली. माझ्या डोळ्यांदेखत केली. मागे कोणीतरी म्हणालं, "सालाच जळतो वाटतं जावयावर," आणि हशा पिकला. दाजीही हसले. त्यांनी हेल्मेट घातलं, गाडीत बसले आणि माझं बक्कल खटकन लावलं. इतकं सुंदर लागलं ते. त्या आवाजानेच माझा तोल गेला.

कुशनवाल्याच्या खिशात कटर असतोच. मी दार उघडलं, वाकलो आणि दाजींच्या खांद्यावरचा उजवा पट्टा कापला. मग डावा. मग कमरेचे दोन्ही. दाजी हललेसुद्धा नाहीत, त्यांना काय चाललंय तेच कळलं नाही. पॅराशूटचं नायलॉन सहज कापत नाही, चारही पट्टे होईपर्यंत माझ्या तळहाताला फोड आला. गिअरबॉक्स पेललेले टाके मी माझ्या हाताने तोडले. शेवटचं टोक हातात आलं तेव्हा मी ते नानांच्या टेबलावर टाकलं आणि म्हणालो, "आता तरी नापास करा."

आता मात्र कोणी हसलं नाही. दाजींनी हेल्मेट काढलं, मांडीवर ठेवलं आणि समोर बघत बसून राहिले. धरणगावच्या भाऊबंदांपैकी एकाने माझी गचांडी धरली, दुसऱ्याने सोडवली. बहीण दोरीखालून आत आली. तिच्या कडेवरची पोर रडत होती.

"तुले काय गरज व्हती?" ती म्हणाली. "इतका लोकमां?"

मला तिला सगळं सांगायचं होतं, खाटेचा पाइप, पुट्टी, ट्रकच्या सीटा. त्याऐवजी कटर खिशात टाकला. मी बसस्टँडपर्यंत चालत गेलो.

आणि आता ऐका. त्या दिवशी शर्यत झाली. दाजींची सोडून सगळ्या गाड्या धावल्या, तसल्याच पिंजऱ्यांनी, त्याच एका रिकाम्या नळकांड्यावर. एकही उलटली नाही. कोणाला खरचटलंसुद्धा नाही. संध्याकाळी बक्षीस समारंभ झाला, हार-तुरे झाले. मी कोणीतरी मरायला हवं होतं असं म्हणत नाही, देवाशप्पथ म्हणत नाही. पण वर्षभर जो भेटेल त्याने मला हेच ऐकवलं: काय झालं का कोणाला? आणि त्यावर माझ्याकडे नुसता राग होता. काही झालं नाही याला हे लोक पुरावा समजतात.

आबांनी माझ्याशी बोलणं टाकलं. राखीला बहीण आली नाही. भाऊबीजेला मी जळगावला गेलो, तर घराला कुलूप. शेजारीण म्हणाली, धरणगावला गेलेत सगळे. पाट मांडून कोणी बसलं नव्हतं माझ्यासाठी. परतताना बसमध्ये मी खिडकीशी बसून मनातल्या मनात नानांना, दाजींना, टपरीवाल्याला आणि आबांना शिव्या दिल्या, आणि शेवटी स्वतःला, की ते पट्टे आधीच काढून घेतले असते तर हा तमाशा झालाच नसता.

पुढच्या हिवाळ्यात पुन्हा शर्यत जाहीर झाली. दाजी पुन्हा उतरणार हे मला जळगावच्या एका ट्रकवाल्याकडून कळलं. पिंजरा तोच. पट्टे मात्र दुसऱ्या एका कुशनवाल्याकडून शिवून घेतलेले, खाटेच्या नवारीचे. म्हणजे मी कापून मिळवलं काय, तर खाटेच्या पिंजऱ्याला आता खाटेचाच पट्टा जुळला. त्या दिवशी माझ्या हातून एका जीपची सीट उलटी शिवली गेली.

शर्यतीच्या दोन दिवस आधी, भर दुपारी, बहीण दुकानाच्या दारात उभी राहिली. एकटीच. जळगावहून बसने आलेली, चेहरा धुळीने भरलेला. मी स्टूल पुढे केलं, माठातलं पाणी दिलं. ती पाणी प्यायली, तांब्या खाली ठेवला. दाजी कसे आहेत विचारायला मी तोंड उघडलं, तर तिने हातानेच थांबवलं. आल्यापासून तिने माझ्याकडे एकदाही बघितलं नव्हतं, भिंतीवर टांगलेल्या शिवायच्या सीटांकडे बघत होती. एका उलटलेल्या ट्रकच्या सीटची पाठ वरून वीतभर फाटलेली होती. तिने ती जागा बोटाने चाचपली.

"भाऊ," ती म्हणाली, "पट्टा कोठे कापाना, म्हणजे परत शिवता येत नही?"

मी एक जुना पट्टा काढला, तिच्या मांडीवर ठेवला आणि तिचं बोट धरून जागा दाखवली.